एरवी सैल, वेळेला घट्ट

मोटारीत बसल्यावर कोणी 'पट्टा बांधा' म्हणाले, की आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. 'इथे जवळच तर जायचे आहे,' असे आपण म्हणतो. मागे बसणाऱ्याला तर आपल्यासाठीही पट्टा आहे याची आठवणच नसते. तेव्हा हा पट्टा करतो तरी काय, ते आज पाहू.

बसच्या ड्रायव्हरने एकदम ब्रेक दाबला, की उभे उतारू पुढे कोलमडतात. गाडी थांबते, पण शरीराचा वेग थांबत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाची मोटार झाडावर आदळली, तर न बांधलेला माणूस जवळजवळ त्याच वेगाने समोर आपटतो. सुमारे 10 मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्याचा वेग एवढाच असतो. 'हातांनी सावरू' हा भ्रम होय. गाडीचे नाक चेपत असता, अर्ध्यापाऊण मीटरच्या आत 70 किलोंच्या माणसाला थोपवायचे, तर टनाच्या आसपास जोर लागतो. मांडीवरचे 10 किलोंचे मूल त्या क्षणी दीडशे किलोंसारखे जड होते. आईचे हात त्याला धरू शकत नाहीत. त्याला त्याचे वेगळे आसनच हवे.

हा जोर शरीराच्या बळकट हाडांवर वाटून देणे, हे पट्ट्याचे काम. पूर्वीचा नुसता कमरेचा पट्टा धड मोकळे सोडी. विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केलेले स्वीडनचे इंजिनियर निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये व्होल्वो कंपनीसाठी खांदा व कंबर दोन्ही धरणारा, एका हाताने लावता येणारा तीन टोकांचा पट्टा केला. कंपनीने तो इतर कारखानदारांनाही खुला केला.

आता, आवळलेला नसताना तो धरतो कसा? पट्टा एका रिळावर गुंडाळलेला असतो व आतली स्प्रिंग त्याचा ढिलेपणा ओढून घेते. सावकाश वाकलो तर तो सुटतो. पण गाडीला हिसका बसला की रिळातली गोळी किंवा लंबक कलतो, अडणी दात्यांत पडते आणि रीळ जागच्या जागी अडते. पट्टाच झटक्याने ओढला तरीही तेच होते. घरी जाताना करून पाहावे. पुष्कळ नव्या गाड्यांत धडकेसरशी छोटी स्फोटक पुडी पेटून पट्टा आणखी आवळला जातो. मग बरगड्या मोडू नयेत म्हणून तो किंचित सैलही सोडला जातो.

मात्र तो नीट बसला पाहिजे. खालचा भाग पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर. गरोदर बाईने पोटाखालून घ्यावा. वरचा भाग मानेला न घासता खांद्याच्या मध्यावरून जावा. पुष्कळ गाड्यांत त्याची खुंटी वरखाली सरकते. काखेतून किंवा पाठीमागून घेतलेला पट्टा रक्षण करत नाही, उलट इजा करतो.

4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी उत्तम होती, पट्टेही होते. रिळातली अडणी आपले काम करायला सदैव तयार असते. पट्टा खाचेत अडकवण्याचे काम तेवढे आपले आहे.