‘डीजे’ आणि ‘वाजंत्री’ : बीड जिल्ह्यातील उत्सवसंगीताच्या शब्दांचा विचार

उत्सवात वाद्य कोणते असावे हा प्रश्न वरवर पाहता रसिकतेचा दिसतो. कोणी म्हणतो, हलगी-संबळ हवे. कोणी म्हणतो, आजच्या तरुणांस डीजेवाचून मिरवणूक सुनी वाटते. गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या आणि लग्नसराई जवळ आली म्हणजे बीड जिल्ह्यात हा वाद दरवर्षी नव्याने उभा राहतो आणि हंगामाबरोबर मावळतो. या वादातील दोन्ही पक्ष जे शब्द वापरतात त्यांचे अर्थ मात्र त्यांच्या स्वतःच्याच मनात स्थिर नसतात. प्रस्तुत लेखात त्या शब्दांचा उलगडा करण्याचा हेतू आहे. कारण शब्द नीट न कळल्यामुळे जे नुकसान होते ते केवळ शब्दकोशाचे नसून कानांचे व पोटाचेही असते.

प्रथम ‘डीजे’ हा शब्दच घेऊ. इंग्रजीतील ‘डिस्क जॉकी’ या जोडशब्दाची ही आद्याक्षरे होत. डिस्क म्हणजे ध्वनिमुद्रिकेची तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीतील घोडेस्वार. 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेतील नभोवाणीवर तबकड्या वाजवून मध्ये मध्ये निवेदन करणाऱ्या माणसास हे नाव काहीशा थट्टेने मिळाले. पुढे 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या तरुणाने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवून त्यातील तालाचा तुकडा लांबविण्याची युक्ती लोकांपुढे आणली आणि तबकडी हेच एक वाद्य होऊ शकते हे दाखवून दिले. या साऱ्या इतिहासात डीजे हा माणूस आहे. गोव्यात 2007 साली सुरू झालेला व पुढे 2016 मध्ये पुण्याकडे आलेला ‘सनबर्न’ हा महोत्सव पाहावा. तेथेही फलकावर डीजेचे नाव असते, व त्या नावासाठी लोक तिकीट काढतात. उलट 2010 पासून पुण्यात भरू लागलेल्या ‘एनएच7 वीकेंडर’ या महोत्सवाने वाद्यवृंदांस प्राधान्य दिले. म्हणजे शहरी महोत्सवातील वाद हा दोन प्रकारच्या कलावंतांमधील आहे.

बीडमध्ये तसे नाही. येथे ‘डीजे आला’ असे म्हटले तर कोणी माणूस आला असे कोणी समजत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा मालमोटारीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत, तिच्या खालचे बेस, वरचे टॉप, मिक्सर, अॅम्प्लिफायर आणि मागे धडधडणारा जनरेटर, या सर्वांचे मिळून नाव डीजे. यंत्रापाशी बसणारा मनुष्य हा ‘ऑपरेटर’, आणि या सामग्रीचा मालक ‘डीजेवाला’. मूळ शब्दात जो ‘वाला’ होता तोच निघून गेल्यामुळे मराठीने त्यास पुन्हा एक ‘वाला’ जोडला आहे. कर्त्याचे नाव साधनास लागणे हा अर्थविकाराचा प्रकार भाषाशास्त्रास नवीन नाही. पण येथे या विकाराने एक सत्यच सांगून टाकले आहे. आमच्या मिरवणुकीत माणूस दुय्यम झाला, यंत्र मुख्य झाले, आणि लोकांच्या जिभेने ते विद्वानांच्या आधी ओळखले.

याच वस्तूस कोल्हापूर-सांगलीकडे ‘डॉल्बी’ म्हणतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस तिकडे जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील मजुराच्या कानी हाही शब्द पडतो. या शब्दाची कथा अधिक चमत्कारिक आहे. रे डॉल्बी या अभियंत्याने 1965 साली स्थापन केलेल्या संस्थेची पहिली कीर्ती ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्याच्या पद्धतीमुळे झाली. गोंगाट घटविणाऱ्याचे नाव गोंगाटाच्या भिंतीस लागावे, आणि मग ‘डॉल्बीमुक्त उत्सव’ अशी घोषणा निघावी, हा शब्दांच्या प्रवासातील एक मोठा विनोद होय. ‘बँजो’ हा शब्दही असाच. मूळचे अमेरिकेतील आफ्रिकी गुलामांचे ते तंतुवाद्य. आपल्याकडे मात्र जपानी ‘ताइशोगोतो’पासून आलेल्या, कळा दाबून वाजवावयाच्या बुलबुलतरंगास ते नाव मिळाले, आणि पुढे ढोल-ताशांसह सबंध ताफ्यालाच ‘बँजो’ म्हणू लागले.

नामांवरून क्रियापदांकडे वळू. मराठीत ‘वाजणे’ हे अकर्मक व ‘वाजविणे’ हे सकर्मक. संस्कृत ‘वाद्यते’, प्राकृत ‘वज्जइ’, मराठी ‘वाजणे’ अशी ही परंपरा आहे. हलगी ‘वाजवितात’, तेथे वाजविणारा हवाच. डीजे मात्र बहुधा ‘लावतात’, आणि मग तो ‘वाजतो’. ‘लावणे’ हे क्रियापद मोठे बोलके आहे. तंबोरा लावतात, गवई सूर लावतो. तेथे लावणे म्हणजे कानाने शोधून जागेवर आणणे. उलट दिवा लावतात, रेडिओ लावतात, गाणे लावतात. तेथे लावणे म्हणजे चालू करून हात मोकळे करणे. एकाच क्रियापदाच्या या दोन अर्थांत प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रित संगीत यांतील सारा भेद साठविलेला आहे.

तिसरा शब्द ‘लाईव्ह’. ‘लाईव्ह बँड’ असा शब्दप्रयोग लग्नाच्या सुपारीच्या बोलण्यात आता सर्रास ऐकू येतो. आपल्या आजोबांस या विशेषणाची गरज नव्हती, कारण जे वाजे ते प्रत्यक्षच वाजे. गिरण्या येण्यापूर्वी ‘हातसडीचा तांदूळ’ असे कोणी म्हणत नसे. सर्वच तांदूळ हातसडीचा होता. नवी वस्तू आली म्हणजे जुनीस विशेषण लावून वेगळे करावे लागते. ज्या दिवशी जुन्या वस्तूस विशेषण लागते त्या दिवशी ती नेहमीची न राहता अपवादाची झाली असे समजावे. ‘वाजंत्री’ या एका शब्दाच्या जागी आज ‘लाईव्ह’ हे विशेषण लागते, ही खूण दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आता या दोहोंत वस्तुतः भेद कोणता? येथे तीन गोष्टी वेगळ्या करावयास हव्यात : आवाज वाढविणे, आवाज मुद्रित असणे, आणि समोरच्या प्रसंगास उत्तर देता येणे. वादात या तिन्ही एकत्र केल्या जातात. आमच्या जिल्ह्यात गावोगाव होणारा अखंड हरिनाम सप्ताह पाहा. कीर्तनात ध्वनिक्षेपक असतो, पण पखवाज, टाळ व गायन प्रत्यक्ष असते. त्याहून लक्षणीय म्हणजे वीणा. सात दिवस ती खाली ठेवावयाची नाही असा दंडक असल्यामुळे गावकरी पहारे वाटून घेतात आणि एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. अखंडतेसाठी यंत्र लावणे सर्वांत सोपे. पण तसे केल्यास सप्ताहाचा अर्थच उरणार नाही, हे प्रत्येक विणेकऱ्यास ठाऊक असते.

दुसरे उदाहरण जत्रेतील कुस्तीच्या फडाचे. तेथे हलगीवाला मल्लांकडे पाहत असतो. जोड सलामीस उभी असताना ठेका संथ असतो. डाव पडू लागला की तो चढतो. चितपट झाली की एकदम उसळतो. मल्लही त्या ठेक्याने चेततो. हा संवाद आहे. चांगला डीजे कलावंतही समोरच्या समुदायाचा कल पाहून पुढचे गाणे निवडतो व दोन गाण्यांचे ताल जुळवितो, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. त्यालाही उत्तर देता येते. परंतु ट्रॉलीवरील भिंतीस, जिच्यावर आधीच जुळवून ठेवलेली गाणी एकामागून एक लागतात, ते येत नाही. म्हणून खरा विरोध मुद्रित विरुद्ध प्रत्यक्ष असा नसून, ऐकून वाजविणारा विरुद्ध न ऐकता वाजणारे असा आहे.

वाद्यांच्या शास्त्रीय वर्गीकरणाकडे पाहिले तरी हेच दिसते. तत, सुषिर, अवनद्ध व घन हे चार वर्ग भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात त्यांचा विस्तार केला. तार, हवा, कातडे आणि घनपदार्थ यांपैकी काय कंप पावते यावर हे वर्ग आधारलेले आहेत. हलगीचे कातडे सैल पडले म्हणजे वादक ते विस्तवावर शेकतो. संबळाची एक बाजू वाकड्या आकड्याने, दुसरी सरळ काडीने बोलते. ध्वनिक्षेपकात कागदी पडदा कंप पावतो खरा, परंतु त्यास स्वतःचा स्वर नाही. तो सर्वांचे बोलणे बोलतो.

आता आवाजाच्या मोजमापाचा विचार. डेसिबल हे माप साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते. 85 डेसिबलमध्ये आठ तास राहणे ही सुरक्षिततेची मर्यादा मानली, तर प्रत्येक 3 डेसिबलमागे हा काळ निम्मा होतो. या हिशेबाने 100 डेसिबलपाशी तो अवघा पंधरा मिनिटांचा उरतो. मिरवणूक चार-चार तास चालते, आणि भिंतीच्या अगदी पुढ्यात लहान मुले नाचत असतात. खालच्या पट्टीतील ध्वनी भिंती व दारे सहज भेदतो. म्हणून आत निजलेल्या आजाऱ्याच्या छातीत धडधड जाणवते ती बेसची. हलगी-ताशाही कमी कर्कश नाहीत, आणि पथकात पन्नास ढोल असले तर तेही कानास घातकच. परंतु माणसाचा हात दमतो, त्यास पाणी प्यावे लागते, कातडे शेकावे लागते. त्या विसाव्यात ऐकणाऱ्याच्या कानासही विसावा मिळतो. जनरेटरला दम लागत नाही.

येथे शब्दाचा घोटाळा व्यवहारात कसा शिरतो ते दिसून येते. ‘डीजेबंदी’ असा शब्द वृत्तपत्रांत रूढ आहे. केंद्र शासनाच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा रोख मात्र वस्तूच्या नावावर नसून आवाजाच्या पातळीवर आहे. निवासी भागास दिवसा 55 व रात्री 45, शांतता क्षेत्रास 50 व 40 डेसिबल अशा त्या मर्यादा आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे, आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर वाद्येही तीत आली. उत्सवांसाठी वर्षातून अधिकांत अधिक पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2005 साली ध्वनिप्रदूषणासंबंधी विस्तृत निर्णय दिला. तेव्हा ‘डीजेवर बंदी, ढोलास मुभा’ अशी जी समजूत आहे ती नियमाच्या अक्षरास धरून नाही. ती असल्यामुळे एका बाजूस डीजेवाल्यास आपल्यावरच अन्याय होतो असे वाटते, आणि दुसऱ्या बाजूस ढोलपथकांस आपल्यास मर्यादाच नाही असे वाटते.

यंत्राने वादकाचे काम जाणे ही घटनाही जुनीच आहे. मूकपटाच्या काळी पडद्याशेजारी बसून पेटी-तबला वाजविणारे लोक असत. 1931 साली ‘आलमआरा’ व 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले आणि त्या वादकांची गरज संपत गेली. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने तर 1942 पासून दोन वर्षांहून अधिक काळ ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, व अखेर तबकड्यांच्या विक्रीतून वादकांच्या निधीस काही वाटा मिळविला. आमच्या हलगीवाल्याची अशी संघटना नाही. त्याची सुपारी गेली तर ती बातमी होत नाही.

परंतु परंपरेचा कैवार घेताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. हलगी व डफ वाजविणे हे पिढ्यान्‌पिढ्या काही जातींवर लादलेले गावकीचे काम होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात वतन-बलुत्याची ती व्यवस्था तपशिलाने आली आहे. 1927 च्या महाड परिषदेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने असंख्य कुटुंबांनी अपमानाची कामे टाकून दिली. ज्याच्या आजोबाने बोलावणे येताच दाराबाहेर उभे राहून वाजविले, त्याच्या नातवास जयंतीच्या मिरवणुकीत डीजे लावणे ही स्वातंत्र्याची खूण वाटली तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार इतरांस नाही. ‘आमची परंपरा’ असे म्हणणाऱ्याने ती परंपरा कोणाच्या हातांनी चालली आणि त्या हातांस काय मिळाले हेही सांगितले पाहिजे. हलगी टिकावयाची असेल तर ती कला म्हणून, ठरलेल्या मोबदल्यावर, मानाने आणि शिकू इच्छिणाऱ्या कोणाच्याही हाती टिकली पाहिजे; गावकी म्हणून नव्हे.

भाषेच्या अभ्यासकापुढे या सर्वांतून एक तातडीचे काम उभे राहते. लग्नाचा ठेका वेगळा, जत्रेचा वेगळा, लेझमीचा वेगळा, कुस्तीचा वेगळा, अंत्ययात्रेचा वेगळा. या ठेक्यांची, त्यांच्या बोलांची, वाद्याच्या अवयवांची व कातडे कमावण्याच्या क्रियांची जी नावे वादकांच्या तोंडी आहेत, त्यांपैकी फारच थोडी छापील कोशांत सापडतात. ज्या अंबाजोगाईत मुकुंदराजाची समाधी दाखविली जाते आणि जेथे योगेश्वरीपुढे संबळ वाजते, त्या जिल्ह्यात तरी हा शब्दसंग्रह वादकांच्या नावानिशी व त्यांच्या संमतीने नोंदविला जावा. ध्वनिमुद्रण हे यंत्र येथे शत्रू नसून साहाय्यक आहे; मात्र मुद्रित ठेका शिकणाऱ्याच्या हाती पुन्हा वाजता झाला तरच त्या नोंदीचे सार्थक होईल.

उत्सव मंडळांस एवढेच सुचवावेसे वाटते की, सुपारी देताना ‘डीजे की बँड’ असा प्रश्न न विचारता तीन प्रश्न विचारावे : आवाज किती राहील, वाजविणारा कोण, आणि समोरचा माणूस त्यास दिसतो की नाही. पहिल्याचे उत्तर मापकयंत्र देईल, दुसऱ्याचे मंडळाचा हिशेब देईल. तिसऱ्याचे उत्तर मात्र मिरवणूक एखाद्या इस्पितळापुढून जात असताना मिळते. तेथे ठेका आपण होऊन थांबला, तर वाजविणारा ऐकत होता असे समजावे.