परदेशी ओव्हन आणि त्याचा मार्का : शंभर वर्षांचा मागोवा

चूल, वैल, शेगडी आणि पुढे रॉकेलचा स्टोव्ह या क्रमाने ज्या महाराष्ट्रीय स्वयंपाकघराची घडण झाली, त्याला चारही बाजूंनी बंद असलेल्या आणि आतल्या आत समान उष्णता राखणाऱ्या भट्टीची गरज पिढ्यान्‌पिढ्या भासली नाही. कारण आपल्या पाकक्रियेचा मुख्य आधार उकडणे, परतणे, तळणे आणि तव्यावर भाजणे हा होता, आणि जे मोजके पदार्थ वरून व खालून अशी दोन्हीकडून आच मागत, त्यांच्यासाठी झाकणावर निखारे ठेवण्याची युक्ती घरोघरी ठाऊक होती. गोव्यात बेबिंकाचे थर याच युक्तीने एकामागून एक भाजले जात. पाव भाजणे हे तिथे पोदेराचे काम होते, मुंबई-पुण्यात ते इराण्यांचे आणि इतर बेकरीवाल्यांचे होते, आणि दिवाळीच्या तोंडावर नानकटाईचे पीठ घरी मळून, पत्र्याच्या ताटांत मांडून, जवळच्या बेकरीच्या भट्टीवरून भाजून आणण्याची रीत कित्येक शहरांत अगदी अलीकडेपर्यंत चालू होती. अशा घरांत परदेशी बनावटीचा ओव्हन कोणत्या वाटेने आला, त्याच्या दारावरील नावावर आपण किती विसंबलो, आणि तो विश्वास कितपत सार्थ होता, हे पाहण्यासारखे आहे.

या इतिहासाचा आरंभ मी स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांच्यापासून करतो. दीपगृहांतील गॅसचे दिवे आपोआप चालू-बंद करणाऱ्या झडपेच्या शोधाबद्दल १९१२ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारा, आणि त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या स्फोटात दृष्टी गमावलेला हा अभियंता, घरातील स्वयंपाकाच्या कष्टांची जाणीव होऊन नव्या चुलीच्या रचनेकडे वळला असे सांगतात. १९२२ साली त्याने सिद्ध केलेल्या आगा चुलीत अखंड तेवणारा लहानसा अग्नी, ती उष्णता पोटात साठवून ठेवणारे जाड बिडाचे अंग, आणि कमी-अधिक तापमानाचे कप्पे यांची योजना होती. १९२९ च्या सुमारास ती ब्रिटनमध्ये पोहोचली आणि इंग्रजांच्या ग्रामीण गृहजीवनाचे जणू चिन्हच बनली. ज्या कोलब्रुकडेल गावी १७०९ साली अब्राहम डार्बीने दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवले, त्याच गावच्या ओतशाळेत तिचे भाग ओतले जात. २०१५ साली आगा बनवणारी कंपनी मिडल्बी या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेली आणि २०१७ मध्ये ती ओतशाळा बंद झाली. दारावरचे नाव मात्र आजही तेच आहे. थंड हवेच्या प्रदेशात रात्रंदिवस घर उबदार ठेवणारी ही चूल आपल्या वैशाखात कोणी पेटती ठेवील हे संभवत नाही, आणि म्हणून तिच्या कीर्तीचा आपल्याला व्यावहारिक उपयोग नाही, हेही इथेच नमूद केले पाहिजे.

आपल्याशी अधिक निकटचा संबंध आला तो गॅसच्या कुकरांचा. ब्रिटनमध्ये १९२३ साली 'रेग्युलो' नावाच्या तापनियंत्रकाची जोड मिळाल्यावर गॅसच्या ओव्हनची कळ एक, दोन, तीन अशा आकड्यांवर फिरू लागली आणि पाककृतींत 'मध्यम आच' या संदिग्ध शब्दांच्या जागी निश्चित अंक आला. त्या पद्धतीतला चार हा आकडा म्हणजे सुमारे १८० अंश सेल्सियस. हे कुकर चालवायचे तर नळाचा गॅस हवा, आणि तो मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून बॉम्बे गॅस कंपनीमार्फत शहराच्या काही भागांना मिळत असे. तो कोळशापासून केलेला गॅस होता. पुढे १९५० नंतरच्या दशकात सिलिंडरचा गॅस आला, तेव्हा नळाच्या गॅससाठी बनवलेली विलायती चूल त्यावर तशीच चालत नाही, हा धडा प्रथम मिळाला. सिलिंडरच्या गॅसमध्ये समान आकारमानात उष्णता पुष्कळ अधिक असते, म्हणून त्याच्या बर्नरचे छिद्र लहान लागते, आणि ते न बदलता जोडणी केली तर ज्योत पिवळी, काजळी धरणारी व धोकादायक होते. १९९५ मध्ये महानगर गॅसची स्थापना होऊन मुंबईत नैसर्गिक वायू घराघरांत येऊ लागला, तेव्हा हाच धडा उलट दिशेने पुन्हा गिरवावा लागला.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या चार दशकांत परदेशी ओव्हन राजरोसपणे दुकानात जाऊन विकत घेणे सामान्य माणसाच्या आवाक्यात तर नव्हतेच, कायद्याच्या चौकटीतही फारसे नव्हते. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली परवान्यावाचून माल आणता येत नसे आणि चैनीच्या वस्तूंसाठी परवाना मिळणे दुर्घट होते. परदेशी चलनाचा तुटवडा असलेल्या देशाने कारखान्यांची यंत्रे आधी आणावी आणि केक भाजण्याची यंत्रे मागाहून, हा क्रम मला आजही योग्य वाटतो. या काळात ज्यांच्या घरी परदेशी ओव्हन दिसे, ते बहुधा परदेशातील वास्तव्य संपवून परतलेले कुटुंब असे. वास्तव्य-बदलाच्या सवलतीखाली वापरलेले घरगुती सामान आणता येई, आणि सामानविषयक नियमांच्या याद्यांत कुकिंग रेंज व मायक्रोवेव्ह ओव्हन यांची स्वतंत्र नोंदही असे. उरलेल्यांनी देशी गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनवर काम भागवले. वरच्या झाकणाला काचेची खिडकी, खाली तारेची गुंडाळी आणि उष्णता कमी-अधिक करण्याची काहीच सोय नाही, अशा त्या भांड्यात आमच्या आया-मावश्यांनी जे केक केले, ते निव्वळ त्यांच्या नजरेच्या आणि नाकाच्या जोरावर. त्यांच्या या कौशल्याचा कुठे लेखी गौरव झाला नाही याची मला खंत वाटते.

परतताना मोठ्या हौसेने आणलेल्या अमेरिकन यंत्रांची पुढे जी गत झाली, तिची कारणे विजेच्या मूलभूत व्यवस्थेत आहेत, आणि परदेशी बाजारातील ओव्हन शोधणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावीत. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट दाबाची आणि सेकंदाला ६० आवर्तनांची असते. आपल्याकडे व युरोपात ती २३० व्होल्ट आणि ५० आवर्तनांची आहे. दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर बसवला की काम झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. पण तो ट्रान्सफॉर्मर आवर्तनांची संख्या बदलत नाही. विजेच्या आवर्तनांवर चालणारे अमेरिकन ओव्हनचे घड्याळ आपल्या विजेवर तासाला दहा मिनिटे मागे पडते, म्हणजे तासाभराचा केक सत्तर-बाहत्तर मिनिटे आत राहतो. आणि मायक्रोवेव्हच्या पोटातील ६० आवर्तनांसाठी बेतलेला मोठा ट्रान्सफॉर्मर ५० आवर्तनांवर प्रमाणाबाहेर तापतो. तिथल्या मोठ्या विद्युत् रेंजची अडचण आणखी निराळी आहे. तिला १२० व्होल्टच्या दोन तारा मिळून २४० व्होल्ट मिळतात, तिची तापणारी सळई त्या २४० वर चालते आणि दिवा व नियंत्रण यांना त्यांपैकी एकाच तारेचे १२० पुरतात. आपल्या घरात अशी विभागणी नसल्यामुळे चुकीच्या जोडणीत त्या नाजूक भागांवर दुप्पट दाब येतो. शिवाय तिची ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर रुंदी आपल्या ओट्याखाली मावत नाही. अशा रेंजचा उपयोग पिठाचे डबे ठेवण्यासाठी होत असलेला मी पाहिला आहे.

युरोपीय ओव्हन या बाबतीत आपल्याला सोयीचा. ब्लॅक फॉरेस्टमधील गागेनाउ या जुन्या कंपनीने १९५० नंतरच्या दशकात भिंतीतील कपाटात बसणारे ओव्हन बाजारात आणले, आणि कालांतराने ६० सेंटिमीटर रुंदीचे माप युरोपभर रूढ झाले. आपल्याकडील मॉड्युलर स्वयंपाकघरांनी तेच उचलले. १९७१ मध्ये नेफ या जर्मन कंपनीने पंख्याभोवती वर्तुळाकार सळई बसवून गरम हवा सर्व कप्प्यांत खेळवण्याची पद्धत आणली. तिच्यामुळे दोन-तीन ताटे एकदम भाजता येतात, आणि पंखा चालू असता तापमान सुमारे २० अंशांनी कमी ठेवावे लागते. असा ओव्हन साधारण साडेतीन किलोवॅट वीज घेतो. २३० व्होल्टवर हा प्रवाह पंधरा अँपिअरच्या वर जातो, म्हणून गीझरसारखी स्वतंत्र, जाड तारेची जोडणी त्याला हवी. आपल्या जुन्या इमारतींतील तारा एवढा भार सोसण्यास समर्थ आहेत की नाहीत, याची खातरजमा यंत्राच्या खरेदीआधी व्हावी.

मायक्रोवेव्हची कथा स्वतंत्र आहे. रडारच्या नळ्यांवर काम करणाऱ्या रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांना १९४५ साली खिशातील चॉकलेट वितळलेले आढळले आणि त्यातून जन्मलेले 'रडारेंज' हे १९४७ चे यंत्र पुरुषभर उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचे होते. ओट्यावर मावेल असा अमाना कंपनीचा ओव्हन १९६७ मध्ये ४९५ डॉलरला निघाला. आपल्याकडे १९९० नंतर मध्यमवर्गीय घरांत प्रथम हाच शिरला आणि भट्टीचे काम हा करील अशा समजुतीने पुष्कळांनी तो घेतला. साधा मायक्रोवेव्ह अन्नातील पाणी तापवतो, त्यामुळे पदार्थ शिजतो, पण त्याला भाजल्याचा तांबूस रंग आणि खुसखुशीतपणा येत नाही.

१९९१ नंतर जकात उतरत गेली, आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध उठल्यावर परदेशी नावांची बाजारात रीघ लागली. नेमक्या याच काळात त्या नावांमागचे धनी बदलत होते, आणि हे ग्राहकाला कोणी सांगत नव्हते. इलेक्ट्रोलक्सने १९८४ मध्ये इटलीची झानुसी आणि १९९४ मध्ये जर्मनीच्या एईजीचा घरगुती यंत्रांचा विभाग घेतला. बॉश आणि सीमेन्स यांची १९६७ ची संयुक्त कंपनी २०१५ मध्ये संपूर्णपणे बॉशची झाली. आज सीमेन्स नावाचा ओव्हन सीमेन्स कंपनी बनवत नाही, बॉशची उपकंपनी ते नाव परवान्याने वापरते, आणि नेफ व गागेनाउही तिच्याच छत्राखाली आहेत. हॉटपॉइंट या नावाचे उदाहरण तर विलक्षण आहे. अमेरिकेत ते जनरल इलेक्ट्रिकच्या यंत्रविभागासह २०१६ मध्ये चीनच्या हायरकडे गेले. युरोपात ते इंडेसिटसह २०१४ मध्ये व्हर्लपूलकडे आणि २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या आर्चेलिकचे प्रभुत्व असलेल्या बेको युरोपकडे गेले. एकच नाव, दोन खंड, दोन सर्वस्वी निराळे मालक. १८९९ पासून संस्थापकांच्याच दोन घराण्यांकडे राहिलेली मीले हा या वावटळीतला दुर्मीळ अपवाद होय.

आपल्या भूमीवरही हे फेरबदल झाले. व्हर्लपूलने १९९५ मध्ये केल्व्हिनेटर ऑफ इंडिया घेतली. १९७४ मध्ये स्विस सहकार्याने निघालेल्या आयएफबीने पुढे बॉश-सीमेन्सचे तंत्रज्ञान घेऊन गोव्यात घरगुती यंत्रांचे उत्पादन मांडले. मॉर्फी रिचर्ड्स हे १९३६ मध्ये इंग्लंडात जन्मलेले नाव बजाज इलेक्ट्रिकल्सने परवान्याने भारतात रुळवले. इलेक्ट्रोलक्सने आपला भारतीय व्यवसाय २००५ मध्ये औरंगाबादच्या व्हिडिओकॉनला विकला, आणि व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. मार्क्याची तुलना करताना कोणत्या देशाचे नाव आहे यापेक्षा हे यंत्र कोणत्या कारखान्यात बनले, त्याचे सुटे भाग आपल्या शहरात कोण ठेवतो आणि पाच वर्षांनी दार उघडून पाहण्यास कोण येईल, या प्रश्नांना मी अधिक महत्त्व देतो.

तुलनेची शिस्त परदेशांनी आपल्या फार आधी बसवली. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स हे मासिक १९३६ पासून, ब्रिटनमध्ये 'विच?' १९५७ पासून, आणि जर्मनीत श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही संस्था १९६४ पासून हे कार्य करीत आहे. उत्पादकाने पाठवलेला नमुना न स्वीकारता दुकानातून माल विकत घ्यायचा, प्रयोगशाळेत तपासायचा, आणि उत्पादकांच्या जाहिरातींपासून निकाल अलिप्त ठेवायचा, हा त्यांचा नेम. ओव्हन १८० अंशांवर ठेवला असता आतील तापमान प्रत्यक्षात किती वर-खाली होते, ताटातील चारही कोपऱ्यांतली बिस्किटे सारखी रंगतात की नाही, दार बाहेरून किती तापते, अशा गोष्टी ते मोजतात; आणि महागड्या नावाचा ओव्हन या कसोट्यांत दरवेळी वरचा क्रमांक मिळवतोच असे नाही. घरी ही परीक्षा करणे कठीण नाही. थोड्या पैशांत मिळणारा ओव्हनचा तापमापक आत टांगावा, ताटभर पावाचे काप मांडून त्यांचा रंग पाहावा. कोणता कोपरा मागे राहतो ते दहा मिनिटांत कळते.

महाराष्ट्रात ग्राहकचळवळीची परंपरा आहे. मुंबईत १९६६ मध्ये काही महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापली, १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने ग्राहक पंचायत उभी राहिली, १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत काम करीत आहे, आणि १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने या प्रयत्नांना कायद्याचे बळ दिले. या संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे, की आपल्या बाजारात विकले जाणारे देशी-परदेशी ओव्हन त्यांनी दुकानांतून विकत घ्यावेत, आपल्या विजेवर, आपल्या उन्हाळ्यात, नानकटाई, पाव आणि खारी भाजून त्यांची परीक्षा करावी, प्रत्येकाचा उत्पादक, कारखाना व सुट्या भागांची उपलब्धता यांची नोंद करावी, आणि तो अहवाल दर दोन वर्षांनी मराठीत प्रसिद्ध करावा.