घोट गिळा, स्कोअर पाहा!

जालन्याच्या मोसंबीचा रस तोंडात घेतला की घशातून उतरायला त्याला जेमतेम एक सेकंद लागतो. तेवढ्यात श्वास थांबतो, कंठ वर उचलला जातो, श्वासनलिकेवर झाकण पडतं. दिवसातून शेकडो वेळा हे घडतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

पत्ता लागतो तो लकवा मारल्यावर, किंवा तोंडा-घशाच्या कॅन्सरनंतर. तेव्हा अनेकदा सगळ्यांत अवघड जातं ते साधं पाणी! पातळ पदार्थ झपकन घसरतो, झाकण पडायच्या आत श्वासनलिकेत शिरतो. दाट आंबील त्या मानानं सावकाश उतरते. दाटपणा मोजायलाही महागडं यंत्र लागत नाही. 10 मिलीची सिरिंज भरायची, 10 सेकंद वाहू द्यायची, उरलं किती ते बघायचं.

आंबट चवीनं गिळणं जागं होतं. अमेरिकेतल्या जेरी लोगमन यांच्या चमूनं 1995 मध्ये हे लिंबाच्या रसावर दाखवलं. आपली मोसंबी गोडव्यापायी बाद!

उलटं टांगलं तरी घास पोटातच जातो. अन्ननलिका त्याला ढकलत नेते. तरी 1962 मध्ये जॉन ग्लेन अवकाशात गेले तेव्हा तिथं गिळता येईल का, अशी डॉक्टरांना धास्ती होती. ग्लेननी ट्यूबमधला सफरचंदाचा गर आरामात खाल्ला.

आता यंत्राची गंमत. गिळणं आत चालतं, रुग्णाला दिसत नाही. बायोफीडबॅकमध्ये हनुवटीखाली सेन्सर चिकटवतात. गिळताना स्नायूंत उठणारी बारीकशी वीज पडद्यावर रेघ होऊन उसळते. "रेघ वर गेली ना? आता तिथंच धरा," असं थेरपिस्ट सांगतात. म्हणजे कंठ वर धरून ठेवायचा. हा मेंडेल्सन व्यायाम. काही ठिकाणी रेघेऐवजी गेम असतो: जोरात गिळलं की चेंडू उडतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी तर बिनतारी सेन्सर बनवून हे सगळं मोबाइलवर आणलं.

व्हर्च्युअल रिॲलिटीचे प्रयोगही सुरू आहेत, पण ते अजून संशोधनाच्याच पायरीवर. डोळ्यांवर खोकं बांधून आजोबांनी घोट गिळायचा, हे मला काही पटत नाही. जालन्यात 2024 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं; तिथं आधी हनुवटीखालचा सेन्सर यावा, चष्मा मागून आला तरी चालेल.

तोवर एवढं करा: लकव्यानंतर घोटागणिक ठसका लागत असेल किंवा पाणी पिऊन आवाज घोगरा, ओलसर होत असेल, तर स्पीच थेरपिस्टना दाखवा. झोपाळलेल्या रुग्णाला चमच्यानं बळेच पाणी पाजू नका.