ऑपरेशन प्रोस्टेटचं, मग अंथरुणं का वेगळी?

बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात किंवा पुण्या-मुंबईत प्रोस्टेटचे उपचार घेऊन माणूस करमाळ्याला परतला की भेटायला येणारे पथ्यं सांगू लागतात. त्यातलं एक कुठल्याच डॉक्टरने दिलेलं नसतं: ‘आता वेगळं झोपा.’ सांगणारी कधी थोरली जाऊ असते, कधी मेहुणा. त्याच रात्री पडवीत खाट पडते. का, म्हणून विचारा. ‘बाईला लागेल,’ नाहीतर ‘आता राहिलंय काय?’

काही लागत नाही. कॅन्सर संबंधातून पसरत नाही, वीर्यातूनही नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे विषाणू असतो, तो पसरतो. त्याचा प्रोस्टेटशी काडीचा संबंध नाही. बाहेरून मशीनने दिलेले किरण अंगात उरत नाहीत. प्रोस्टेटमध्ये किरणोत्सारी बिया बसवल्या असतील तरच थोडे दिवस काळजी घ्यायची, आणि ती डॉक्टर सांगतात.

‘राहिलंय काय’ हे मात्र फार ऐकून झालं. ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना चिकटून जातात. ऑपरेशनमध्ये त्या दुखावतात, कधी काढाव्याही लागतात. स्पर्शाचं सुख मेंदूकडे नेणारी नस वेगळी आहे, ती सहसा शाबूत राहते. म्हणून ताठरता नसतानाही तृप्तीचा क्षण येऊ शकतो. वीर्य तेवढं येत नाही, कारण ते बनवणाऱ्या ग्रंथीच काढलेल्या असतात. हे एक वाक्य डिस्चार्जच्या वेळी सांगितलं असतं तर किती खाटा वाचल्या असत्या!

खोटा धीरही नको. नसा वाचवण्याचं तंत्र अमेरिकेतल्या पॅट्रिक वॉल्श यांनी 1982 पासून रूढ केलं, तरी सगळ्यांचं पूर्ववत होत नाही. ब्रिटनमधल्या 1,643 पुरुषांच्या अभ्यासात (न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, 2016) संबंधापुरती ताठरता असणारे उपचाराआधी 67 टक्के होते. ऑपरेशन झालेल्या गटात सहा महिन्यांनी 12 टक्के, सहा वर्षांनी 17. सुधारणेला दीड-दोन वर्षं लागू शकतात. तोवर गोळ्या, व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन असे उपाय आहेत. पण छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने या गोळ्या घेऊ नयेत. रक्तदाब धोकादायक उतरतो. भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’वाल्याची पुडी तर नकोच. ‘जडीबुटी’ म्हणून विकलेल्या अशा औषधांत ताठरतेची हीच गोळी लपवलेली वारंवार सापडली आहे.

किरकोळ गैरसमजही आहेत. किरणोपचाराने ताठरता लगेच जाते? नाही, हळूहळू, काही वर्षांत कमी होते. ‘यांचं माझ्यावरून मन उडालं’? हार्मोनचं इंजेक्शन चालू असेल किंवा वृषणं काढली असतील तर इच्छाच मावळते. त्यात बायकोचा दोष नाही, नवऱ्याचाही नाही. संबंधाच्या वेळी लघवीचे थेंब गेले तर अपाय होत नाही. आधी लघवी करून घ्यावी, जवळ टॉवेल ठेवावा. ‘या वयात बाईला कुठे हवं असतं’ हे तर तिला न विचारताच ठरवलेलं! पाळी गेल्यावर कोरडेपणामुळे दुखतं, त्यासाठी मेडिकलमध्ये जेल मिळतं. आणि दोघांनी शेजारी झोपायला, हात धरायला, जवळ घ्यायला तर ताठरता लागतच नाही.

पुढच्या तपासणीला जाताना बायकोला बाहेर बाकावर बसवू नका, आत न्या. लघवीचं विचारता तसं हेही विचारा. डॉक्टरांनी हसून टाळलं तर पुन्हा विचारा.