फिल्टरमधला चुरा आणि इंजिनाची झीज

बोटीच्या डिझेल इंजिनात ऑइल चेंबरच्या तळातून जाळीवाटे पंपात येते, पंपातून फिल्टरमध्ये जाते आणि तिथे गाळले जाऊन क्रँकची मेन बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडची बिग एंड बेअरिंगे, कॅमशाफ्ट आणि टर्बो यांच्यापर्यंत पोचते. तिथून ते पुन्हा चेंबरमध्ये उतरते. या फेऱ्यात जो भाग झिजत असेल त्याचे कण ऑइल सोबत आणते. जड तुकडे तळाशी बसतात किंवा जाळीत अडकतात. अगदी बारीक कण ऑइलबरोबर फिरत राहतात. मधल्या आकाराचे, साधारणपणे २० ते ४० मायक्रॉनच्या वरचे कण फिल्टरच्या कागदी घड्यांत अडकतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या कणांची खालची मर्यादाही साधारण ४० मायक्रॉन आहे. म्हणून फिल्टरच्या कागदावर जे दिसते ते रोजच्या घर्षणाच्या मानाने जाड असते आणि त्याची दखल घ्यावी लागते.

ट्रक किंवा मोटारीपेक्षा बोटीत या तपासणीला अधिक मोल आहे. ट्रकखाली शिरून चेंबर उतरवता येते. बोटीत इंजिन तळाजवळच्या बेडवर बसवलेले असते आणि चेंबरखाली हात जाण्याइतकीही जागा बहुधा नसते. जुने ऑइल हातपंपाने वरूनच ओढून काढतात, त्यामुळे तळाचा गाळ बऱ्याच वेळा तिथेच राहतो. इंजिन न उघडता आतल्या झिजेचा पुरावा हातात येण्याची सर्वात सोपी जागा मग फिल्टर हीच उरते.

फिल्टर कापण्याची पद्धत महत्त्वाची आहे. पत्र्याचा डबा करवतीच्या पात्याने कापला, तर पात्याचा आणि डब्याचा कीस आत पडतो आणि तपासणी तिथेच बाद होते. त्यासाठी चाकाचा फिल्टर-कटर वापरतात. तो डब्याभोवती फिरवून थोडा थोडा आवळला की कीस न पडता डबा उघडतो. आधी फिल्टर उलटा ठेवून ऑइल निथळू देतात आणि ते स्वच्छ पांढऱ्या भांड्यात जमा करतात. जुन्या धाटणीच्या इंजिनांत पत्र्याच्या बंद डब्याऐवजी वाटीत बसणारे कागदी एलिमेंट असते. तिथे वाटीच्या तळाचा गाळही पाहावा लागतो. कागदाच्या घड्या धारदार सुरीने दोन्ही टोकांच्या चकत्यांपासून सोडवतात, दोन फळ्यांमध्ये धरून शेगड्यात दाबून ऑइल काढतात आणि पट्टी उन्हात उलगडतात. ऑइल घड्यांच्या बाहेरून आत वाहते, म्हणून पाहायची ती बाहेरची बाजू. पट्टी हळूहळू तिरकी केली की धातू चमकतो. काजळी आणि कार्बन चमकत नाहीत, आणि कार्बनचा खडा नखाखाली चुरतो.

कण दिसले की धातू ओळखायचा. पट्टीचा एक तुकडा स्वच्छ रॉकेलमध्ये खळबळून गाळ बसू देतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक त्यात फिरवतात. पिशवी उलटी केली की चिकटलेले कण वेगळे करता येतात. चुंबकाला लागते ते लोखंड किंवा पोलाद, आणि ते लायनर, रिंगा, क्रँक, कॅम, टॅपेट किंवा टायमिंग गिअर यांपैकी कशाचेही असू शकते. चुंबकाला न लागणाऱ्यांत तांबूस किंवा पिवळसर कण तांब्याचे वा ब्राँझचे असतात. ते गजन पिनच्या बुशातून, टर्बोच्या बेअरिंगमधून किंवा क्रँकच्या बेअरिंगच्या मधल्या थरातून येतात. पांढऱ्या कणांबाबत मात्र रंगावर भागत नाही. तो ॲल्युमिनियम असेल किंवा शिसे-कथील. तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाला लावला आणि वितळला तर शिसे-कथील, कारण कथील २३२ अंश सेल्सिअसला आणि शिसे ३२७ अंशांना वितळते. ॲल्युमिनियमला ६६० अंश लागतात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमला बुडबुडे येतात आणि तो विरघळू लागतो. हे बुडबुडे हायड्रोजनचे असतात आणि कॉस्टिक कातडी जाळतो, तेव्हा ही चाचणी हातमोजे आणि चष्मा घालून, ज्योतीपासून दूर करावी.

बेअरिंगची रचना ठाऊक असली की कणांचा क्रम वाचता येतो. बऱ्याच डिझेल इंजिनांत बेअरिंगला पोलादी पाठ, तिच्यावर तांबे-शिशाचा थर आणि सर्वात वर शिसे-कथिलाचा अतिशय पातळ, सुमारे २० ते २५ मायक्रॉनचा मऊ थर असतो. फिल्टरमध्ये आधी मऊ राखाडी पापुद्रे दिसू लागले, तर वरचा थर जातो आहे. त्यांच्या जोडीला तांबूस कण आले, तर तो थर संपून मधला उघडा पडला आहे. त्यानंतर पोलादही येऊ लागले, तर क्रँकला ओरखडे पडायला सुरुवात झाली असण्याची शक्यता मोठी असते. काही इंजिनांत ॲल्युमिनियम-कथिलाची बेअरिंगे असतात. तिथे पांढरा कण पिस्टनचा की बेअरिंगचा हे फिल्टर एकटा सांगू शकत नाही. इंजिन गरम असताना, स्लो चालवल्यावर ऑइलचा दाब पूर्वीपेक्षा खाली जात असेल तर संशय बेअरिंगवर जातो. ब्रीदरमधून धूर वाढला आणि ऑइल जास्त खर्ची पडू लागले तर तो पिस्टनवर आणि रिंगांवर जातो.

धातूखालोखाल आकार बोलतो. दहा पटींच्या भिंगाखाली पातळ, सपाट, बारीक पापुद्रे दिसले तर ती सामान्य घासणीची झीज. लेथच्या किसासारखे वळलेले तुकडे म्हणजे कठीण काहीतरी मऊ धातू कापते आहे. वाळू, धूळ किंवा दुसऱ्या भागाचा कण बेअरिंगमध्ये रुतलेला असतो. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खडबडीत असा जाड खवला गिअर, कॅम किंवा टॅपेट यांच्या थकलेल्या पृष्ठभागावरून सुटतो. पोलादाच्या कणावर निळसर झाक असेल तर तिथे ऑइल पोचले नाही आणि भाग तापला, असे समजावे.

समुद्राचा हातही पाहावा लागतो. ऑइल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी आहे. ऑइल कूलरची नळी गळून खारे पाणी आत आले, तर बेअरिंगे गंजून खड्डे पडतात आणि फिल्टरमध्ये तांबडा गंज दिसतो. नोझल गळत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि धातूवर धातू घासू लागतो. अशा वेळी केवळ बेअरिंग बदलून उपयोग नसतो; कूलर किंवा नोझल दुरुस्त न केल्यास नवे बेअरिंगही त्याच वाटेने जाते.

प्रयोगशाळेतली ऑइल तपासणी ही फिल्टरची जोडीदार आहे. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांसाठी ही पद्धत सुरू केली. तिच्यात ऑइल जाळून प्रत्येक धातूचे दशलक्षांश प्रमाण मोजतात, आणि सोडियमवरून खाऱ्या पाण्याचा, सिलिकॉनवरून धुळीचा माग लागतो. परंतु साधारण आठ मायक्रॉनच्या वरचे कण या यंत्रात नीट जळत नाहीत. त्यामुळे अहवाल निर्दोष आणि फिल्टरमध्ये चकाकी, असे घडू शकते. उलट सावकाश, बारीक झीज अहवालात वाढताना दिसते आणि फिल्टर स्वच्छच असतो. फिल्टर पूर्ण तुंबला की त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे जाते. तेव्हा अति जुना फिल्टर खरे चित्र दाखवत नाही.

निर्णय एका कणावर घेऊ नये. नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनात पहिल्या फिल्टरला थोडी चकाकी असतेच, आणि चुंबकावर बारीक काळी लव नेहमीच येते. संशय आला तर ऑइल आणि फिल्टर बदलून, पुढचा फिल्टर नेहमीच्या २५० तासांची वाट न पाहता ५० तासांच्या आत कापावा आणि दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवाव्यात. चुरा कमी झाला तर इंजिन चालवावे; वाढला तर थांबवावे. नखाने जाणवणारे तुकडे, तांबूस चुरा आणि उतरलेला दाब या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर दुसऱ्या फिल्टरची वाट पाहू नये. प्रत्येक पट्टीवर तारीख, इंजिनाचे तास आणि मध्ये घातलेले ऑइल लिहून ती पिशवीत जपावी, कारण तुलनेशिवाय कोणत्याही चुऱ्याला अर्थ नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी शाकारल्या जातात आणि इंजिनाची कामे याच काळात उरकतात. म्हणून फिल्टर मेच्या अखेरच्या फेरीनंतर लगेच कापावा. तेव्हा सापडलेले खराब बेअरिंग बदलायला दोन महिने हाताशी असतात. ऑगस्टमध्ये दर्यात सापडले तर क्रँकही जातो आणि हंगामही.