हिरव्या अरण्याखालची निर्धन माती

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील घनदाट अरण्य पाहून तेथील जमीन अत्यंत सुपीक असावी, असा समज सहज होतो. बहुतेक ठिकाणी वस्तुस्थिती उलट आहे. वर्षाकाठी सुमारे 2000 मिलिमीटर वा त्याहूनही अधिक पावसाने मातीतील पोषक क्षार युगानुयुगे वाहून गेले आहेत. संपत्ती उरली आहे ती झाडांतच. गळलेले पान उष्ण, दमट हवेत झपाट्याने कुजते आणि उथळ मुळे बुरशीच्या साहाय्याने त्यातील सत्त्व शोषून घेतात; काटकसरी घरातल्याप्रमाणे येथे फारसे काही वाया जात नाही. गमावलेल्या स्फुरदाची थोडी भरपाई तर सहारा वाळवंटातून अटलांटिक महासागर ओलांडून येणारी धूळ करते! हे अरण्य जाळून केलेल्या शेतात राखेच्या बळावर दोन-तीन वर्षेच बरे पीक येते. मग पुढचा तुकडा जाळला जातो.