पाळ पाटलाची, पाणी कोणाचं?

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात पाण्याचे दोन मोठे साठे आहेत. एक इटियाडोह, म्हणजे गाढवी नदीवर सरकारने बांधलेलं आणि 1970 साली उभं राहिलेलं धरण. दुसरा नवेगावबांध, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तलाव. पहिल्याचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला, दुसऱ्याचा एका गावपाटलाच्या पदरून. इटियाडोह कोणी बांधला असं कालव्यावरच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो ‘सरकारनं’ म्हणतो आणि पुढच्या पाणीपाळीकडे वळतो. कोलू पाटलाचा मात्र लोकांनी देव केला. तलावाभोवतीच्या डोंगरांपैकी एकावर कोलासूर देव म्हणून त्यांचं ठाणं आहे. ते डोंगर म्हणजे सात बहिणी, आणि पाळ बांधायला त्यांनीच पाटलाला हात दिला अशी कथा सांगतात.

देवपण मिळालं म्हणून हा दानधर्म होता असं समजू नये. पूर्व विदर्भातल्या तलावांकडे देणगी म्हणून पाहिलं तर त्यांचा हिशेब लागत नाही. तो सौदा होता, आणि पैसेवाल्याच्या कामाला गाव कसं उत्तर देतं हे त्या सौद्याच्या अटींवर ठरत आलं आहे.

सौदा सुरू होतो जमिनीपासून. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांकडे जंगल भरपूर होतं, शेती थोडी होती. तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन द्यायची, अशी रीत त्यांनी घातली. अशा जमीनधारणेला तुकूम म्हणत. एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना पाण्याची कामं जाणणारे कोहळी सोबत आणले, अशीही दंतकथा आहे. दंतकथेचं सोडा, पण कोहळ्यांचं ऊस आणि पाणी या दोन्हींतलं कसब इंग्रज अधिकाऱ्यांनीही नोंदवून ठेवलं आहे. इथला पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि ऊस शेतात वर्षभर उभा राहतो. म्हणजे ज्याला गूळ हवा त्याला आधी तलाव हवा. पाळीवर खर्च करणारा पाटील ते पैसे गुळातून आणि धानातून वसूल करायचा.

आता बांधणी. जिथे दोन टेकड्या जवळ येतात आणि मागे जंगलउताराचा मोठा पसारा असतो, तिथे मधली फट मातीने बुजवायची. ही पाळ. येवा, म्हणजे उतारावरून येणारं पाणी, किती असेल याचा अंदाज चुकला तर तलाव एक तर भरत नाही, नाही तर पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो. म्हणून खरी विद्या जागा निवडण्यात. पाळीच्या एका टोकाला, तिच्या माथ्यापेक्षा खाली, जास्तीचं पाणी जायला सलांग ठेवायची. सलांगीवरून उतरलेलं पाणी वाया जात नाही, ते खालच्या गावच्या तलावात किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, जातं. आणि पाळीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडणारं दार म्हणजे तुडूम. तुडुमातून पाट निघतो, पाटातून पाणी बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, आणि एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जातं. या सगळ्यात तुडुमाचा तळ कुठल्या पातळीला आहे ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिच्याकडे परत यायचंच आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या काळातला पाटील इंग्रजांच्या 1860 च्या दशकातल्या जमाबंदीत मालगुजार झाला. सारा वसूल करून भरणारा तो आता गावाचा कायदेशीर मालकही ठरला. त्याच्या घरच्या जमिनीला सीर म्हणत, आणि तलावाखालची चांगली जागा बहुधा सिरीचीच असे. पण जमाबंदीत आणखी एक कागद तयार झाला, वाजिब-उल-अर्ज. गावात काय रिवाज आहे, कोणाला कशाचा हक्क आहे, याची ती नोंद. तलावाचं पाणी कुळांना कसं मिळेल, गुरं कुठे पाणी पितील, मासे कोण धरेल हे त्यात येई. कुळाला पाण्याची वेगळी पट्टी नसे. ओलिताच्या जमिनीचा सारा मुळातच जास्त, त्यात पाणी आलं. बदल्यात पाळीची डागडुजी आणि पाटाची सफाई यांत गावाचे हात लागत. गाळ उपसून शेतात नेला की तलावही खोल राहायचा आणि शेतालाही खत मिळायचं. धीवर मासे धरत आणि रिवाजाप्रमाणे वाटा देत. मालगुजार दयाळू होते असं मी म्हणणार नाही. वेठ होती, जातीचा उतरता क्रम होता आणि पहिलं पाणी कोणाच्या बांधीत जाणार हे सगळ्यांना ठाऊक असे. तरीही तलाव बिघडला तर सर्वांत जास्त नुकसान मालगुजाराचंच होई. त्यामुळे दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न फारसा पडत नसे.

मुंबईकडच्या दानाची रीत वेगळी होती. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी माहीमच्या खाडीवरच्या रस्त्यासाठी 1,57,000 रुपये दिले आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. 1845 साली रस्ता खुला झाला. दाता पैसा देऊन, अट घालून बाजूला झाला, नाव रस्त्याला राहिलं. नवेगावचा पाटील मात्र बाजूला होऊ शकत नव्हता, त्याचं शेतच पाळीच्या पायथ्याशी होतं.

तो मध्य प्रदेशच्या मालकी हक्क निर्मूलनाच्या 1950 च्या कायद्याने बाजूला झाला. (हा भाग 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता.) 31 मार्च 1951 पासून गावांची मालकी सरकारकडे गेली, तिच्यासोबत तलावही. त्यांना नवं नाव मिळालं, माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात ‘मामा तलाव’. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. शंभर हेक्टरपर्यंत ओलीत असलेले जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली.

सरकारने पाणीपट्टी मागितली तेव्हा शेतकऱ्यांनी कागद पुढे केला: आमचा निस्तार हक्क, म्हणजे रिवाजाने चालत आलेला वापराचा हक्क, आहे; पाणी आम्हाला फुकट आहे. सरकार म्हणे, पट्टी नाही तर दुरुस्तीला पैसा कुठला? दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी रास्त होतं आणि त्यात पाळी खचल्या, पाट बुजले, तलावांच्या पोटात बेशरम हे तण माजलं. मालगुजाराने पैसा घातला होता म्हणून लोकांनी पाण्यावरचा हक्क सोडला नव्हता. मग सरकार मालक झालं म्हणून तरी का सोडतील? इटियाडोहला हा पेच नाही. तिथे पहिल्या दिवसापासून पट्टी आहे आणि उन्हाळी धानाला पाणी द्यायचं की नाही हे कालवा सल्लागार समिती ठरवते. तिथल्या तक्रारी शेपटाकडच्या शेतकऱ्यांच्या: पाणी आमच्यापर्यंत येत नाही.

आता नवे दाते आले आहेत: कंपन्यांचे सामाजिक निधी, उद्योगपतींची प्रतिष्ठानं, कलाकारांनी काढलेल्या संस्था. त्यांना सरकारने 2017 मध्ये दार उघडून दिलं, ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून. सोपी मांडणी अशी की यंत्र आणि डिझेलचा भार सरकार किंवा देणगीदार उचलतो आणि गाळ शेतकरी स्वतःच्या खर्चाने नेतो. वाहतुकीचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही हे दिसल्यावर पुढे अल्प व अत्यल्प भूधारकांना एकरी 15,000 रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत अनुदान ठेवलं गेलं. योजना चांगली आहे. जुन्या सौद्यातली गाळ नेण्याची अट ती नव्याने जागी करते.

अडचण मोजमापात येते. देणगीदाराच्या अहवालात काम घनमीटरमध्ये दिसतं: इतका गाळ काढला, इतकी साठवण वाढली. पण तुडुमाचा तळ आठवा. त्या पातळीच्या खाली खणलेला खड्डा पावसाळ्यात भरेल, उन्हाळ्यात गुरांना आणि माशांना उपयोगी पडेल, आसपासच्या विहिरींनाही कदाचित पाझर देईल. पण तुडुमातून ते पाणी पाटात येणार नाही. घनमीटर वाढले आणि ओलीत तेवढंच राहिलं, असं सहज होऊ शकतं. उलट यंत्रवाल्याने पाळीच्या पायथ्याशीच खोल मारलं, तर तळातला चिकणमातीचा थर फाटतो आणि पाणी झिरपून जातं. पायथ्यापासून अंतर सोडायचं, हे मामा तलावाखाली शेती करणाऱ्या म्हाताऱ्याला सांगावं लागत नाही. पण यंत्र तासाच्या दराने आलेलं असतं, आणि ते सुरू करण्याआधी म्हाताऱ्याला विचारायला कोणाला सवड नसते.

मग गावाची प्रतिक्रिया एकसारखी कशी असेल? ज्याच्या शेतात गाळ पडला तो खूश. पाट बुजलेला असल्याने ज्याच्यापर्यंत पाणी पोचतच नाही, त्याला कामाचं काही वाटत नाही. धीवर सगळ्यांत सावध, कारण सरसकट खरवडलेल्या तलावात पाण्याखालची वनस्पती राहत नाही, आणि देशी माशांचा चारा आणि आडोसा तीच. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धीवरांसोबत, विशेषतः त्यांच्या स्त्रियांसोबत, याच दिशेने काम केलं आहे. बेशरम उपटून काढायची, तलावातली माती मोकळी करायची आणि देशी पाणवनस्पती हाताने लावायच्या. त्यात यंत्र नाही, फलक लावावा असा मोठा आकडा नाही. माझ्या मते देणगीदाराच्या पैशाची पहिली जागा हीच आहे, आणि दुसरी तुडुमाची व पाटाची दुरुस्ती. खोदाई तिसरी. पण फोटो खोदाईचेच चांगले येतात, म्हणून क्रम उलटतो.

गावाने या पैशाला हो म्हणावं की नाही, यापेक्षा कशावर हो म्हणायचं हे पाहणं उपयोगाचं. त्यासाठी ग्रामसभेत ठरावाआधी तलावाचा जुना कागद टेबलावर हवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (1966) कलम 161 निस्तार पत्रकाचं आणि 165 वाजिब-उल-अर्जाचं आहे. सिंचन आणि मासेमारीचे रिवाज नोंदवायची जागा दुसऱ्यात आहे. नक्कल मागायला जाणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं: गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला झाला. त्यामुळे या भागातल्या गावांचे जुने कागद भंडारा जिल्हा, तहसील साकोली या नावाखाली शोधावे लागतात.